दोन ओळींत न मावलेलं वाक्य

हवालदार, तुला फ्लेक्सवर हसवलंय.

तुमच्या गावच्या फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स लागलाय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी आणि मध्ये तू, ओठांची दोन्ही टोकं गालांत ओढलेला. घरात तुझा हसरा फोटो एकही सापडला नाही, म्हणून दहिवडीच्या फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर ओढून दिलं, असं तुझ्या पुतण्यानं मला कौतुकानं सांगितलं. माझं डोकंच फिरलं. सात वर्षांत मी तुला एकदाही हसताना पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत मला हसवायचास आणि स्वतः रजेचा अर्ज नामंजूर झाल्यासारखा बसून राहायचास. त्यात दशक्रियेला गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले आणि तुला ‘हसतमुख’ म्हणाले. तीनदा म्हणाले. मी नुसता मांडी बदलत बसलो.

खरं तर माझा राग त्यांच्यावर नाही. त्यांना काय माहीत? राग तुझ्यावर आहे आणि तो घेऊन मी तीन आठवडे सांगलीत फिरतोय. वर्गात पोरांवर उगाच ओरडतो. आमची ही म्हणाली, गेलेल्या माणसावर कुणी असं चिडतं का? मी म्हटलं, हा गेलाच चिडवून.

तुझं नाव हणमंत होतं, हे मला फ्लेक्स वाचूनच आठवलं. माझ्यासाठी तू हवालदार आणि तुझ्यासाठी मी मास्तर. तू फौजेत क्लार्कची नोकरी पुरी करून साताऱ्यात घर बांधून राहिलेला, मी सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. पुण्यातल्या एका कंपनीला परदेशी विनोदी मालिकांखाली मराठी ओळी लावणारी माणसं हवी होती. शिकवणी कॉम्प्युटरवरच झाली. पडद्यावर चौदा चौकोन आणि त्यातल्या एकात तू, इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेला. शिकवणारी मुलगी म्हणाली, एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत काना-मात्रे धरून बेचाळीस अक्षरं, त्यापुढं एकही नाही. प्रेक्षक वाचत बसला तर हसणार कधी? तू हात वर करून विचारलंस, ज्याला हसायचंच नाही त्यानं किती वाचायचं? सगळे चौकोन हसले. तुझा चेहरा मात्र असा, की तुला खरंच उत्तर हवं होतं. मी त्याच दिवशी तुझा नंबर मागून घेतला.

मग सुरू झालं आपलं कराड. सातारा आणि सांगलीच्या मधलं म्हणून कराडचं एसटी स्टँड, महिन्यातला दुसरा रविवार, कॅन्टीनमधलं पंख्याखालचं टेबल. निम्मी वाट तुझी, निम्मी माझी, हा नियम तूच केलास. सात वर्षांत ना तू माझ्या घरी आलास, ना मी तुझ्या. पाहुणचार झाला की भांडता येत नाही, असं तुझं म्हणणं. आणि आपल्याला तर भांडायचंच असायचं.

भांडण एकच होतं. तुला इंग्रजांच्या मालिका पसंत, मला अमेरिकनांच्या. तुझी ती गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेन. शांतिसेनेत परदेशी असताना शेजारच्या तंबूत इंग्रज सैनिक संध्याकाळी टीव्हीवर काहीतरी बघायचे. बघणारे तोंड पाडून बसलेले, म्हणून तुला वाटलं की काहीतरी दुःखाचं चाललंय. तिसऱ्या दिवशी एकाचे खांदे हलताना दिसले, तेव्हा तुला उमगलं की ही माणसं हसतायत. आणि तुला आपल्या गावचा पार आठवला.

"आमच्या माण तालुक्यातली मानसं हायती ती," तू म्हणायचास. "तीन वरसं पाऊस न्हाई, मेंढरं इकली, आन् कुनी इचारलं कसं काय, तर म्हनायचं, बरं हाय. त्यांचं बी तेच."

तुझी मांडणी पक्की होती, मुद्दे तू बोटांवर मोजायचास. इंग्रजांच्या मालिकेतला माणूस जिथं असतो तिथंच राहतो. तीच नोकरी, तीच खोली, तोच नावडता शेजारी. तो सुटायची धडपड करतो आणि दर भागाच्या शेवटी आणखी रुततो. सहा भाग झाले की खेळ संपला, कारण लिहिणारा एक नाहीतर दोघं, आणि त्यांना सांगायचं ते सांगून झालेलं असतं. अमेरिकेत लिहिणाऱ्यांनी अख्खी खोली भरलेली, वर्षाला वीस-बावीस भाग, आणि लोक बघतायत तोवर मालिका थांबायचं नाव घेत नाही. तिथला माणूस हळूहळू सुधारतो, त्याचं लग्न जमतं, भांडण मिटतं आणि सगळे परत त्याच सोफ्यावर गोळा होतात. तो सोफा तुझ्या डोळ्यांत खुपायचा. एवढ्या माणसांना कामधंदा नाही का, असं तू मला विचारायचास, जणू मीच त्यांचा मुकादम.

मी म्हणायचो, आम्ही कृष्णाकाठची माणसं, आम्हाला सोफा लागतो. आमच्या गल्लीत पुराचं पाणी माळ्याला टेकलं तेव्हा एका गच्चीवर पाच घरांची माणसं होती आणि एका पातेल्यात खिचडी. चार दिवस आम्ही एकमेकांच्या देखत रडलो, पत्ते खेळताना हसलोही. तिथं ‘बरं हाय’ म्हणत बसणाऱ्याला कुणी होडीत घेतलं नसतं. होडी यायला हाका माराव्या लागतात आणि अमेरिकन माणूस हाका मारतो. त्यांच्यात विनोद करणारा हुशार असतो, आपण त्याच्याबरोबर हसतो. इंग्रजांत ज्याच्यावर विनोद होतो त्यालाच तो कळत नाही. सगळ्या खोलीला कळलेलं असतं, त्या एकट्याला नाही. मला ते बघवत नाही, मी म्हणायचो, त्या माणसासाठी मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"हू दे की," तू म्हणायचास. "त्योच इनोद हाय, मास्तर."

आणि ती शेवटची दोन मिनिटं. अमेरिकन मालिकेचा भाग संपत आला की मागं हळुवार काहीतरी वाजू लागतं, माणसं मान खाली घालून मनातलं बोलतात, माफी मागतात, मिठी मारतात. तू तो तुकडा पुढं ढकलायचास. कामासाठी करावाच लागला तर आवाज बंद करून नुसत्या ओळी लावायचास. मी एकदा विचारलं, एवढं काय वाईट आहे त्यात? तू म्हणालास, पोटातलं बाहेर काढायचं असेल तर दवाखान्यात जावं. मी इतका हसलो की चहा बशीत सांडला. आता आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

गेल्या दिवाळीच्या आधी कंपनीनं आपल्याला एकाच गोष्टीची दोन रूपं दिली. बंद पडत चाललेली टपाल कचेरी आणि स्वतःला लोकप्रिय समजणारा तिचा साहेब. मूळ इंग्रजांचं, सहा भागांचं, ते तू घेतलंस. अमेरिकनांनी तेच सात वर्षं चालवलं, ते माझ्याकडं आलं. माझ्या साहेबाच्या लग्नाला अख्खी कचेरी नाचते. तुझा साहेब शेवटी एकटाच कचेरीला कुलूप लावतो आणि बाहेरच्या बाकावर डबा उघडून बसतो. त्या रविवारी आपण एवढे भांडलो की कॅन्टीनवाल्यानं येऊन विचारलं, शेताचा वाद आहे का?

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी तुझा मेसेज आला. तुझी पद्धत ठरलेली. अडलेलं वाक्य नुसतं पाठवायचं, मागचं-पुढचं काही सांगायचं नाही. मी ते कापून, दोन ओळींत बसवून परत पाठवायचं. अशी शेकडो वाक्यं आपण एकमेकांची कापली असतील. त्या दिवशीचं वाक्य होतं: ‘डॉक्टर म्हणतात, यंदा आंब्याला मोहर आलेला तुम्हाला दिसेल, पण आंबे खायला थांबायचा बेत मात्र करू नका.’

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत, मी उत्तर दिलं. छान आहे पण लांब आहे, दोन ओळींत मावणार नाही. ‘मोहर बघाल, आंबे नाही,’ एवढं पुरे. डॉक्टर गाळ, तो पडद्यावर दिसतोच. मग सुचलं म्हणून विचारलं, मूळ इंग्रजीत आंबे कुठून आले? तू लिहिलंस, ‘मूळ असंच हाय.’ मी विचारलं, कुठल्या भागातलं? तू लिहिलंस, ‘शेवटच्या.’ मी खाली तीन हसरे पिवळे चेहरे पाठवले आणि लिहिलं, इंग्रज सुधारले. आणि वर्गात जाऊन हजेरी घेतली.

इंग्रजांना आंब्याचा मोहर ठाऊक नसतो, एवढं कळायला इंग्रजीचा मास्तर व्हावं लागत नाही. पण मला वाटलं, तू ते आपल्याकडचं करून घेतलंस. मनातल्या मनात तुझं कौतुकही केलं.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी तू कराडला आलास. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं दिसलं आणि मी विचारलं, वाळलास का रे? तू म्हणालास, कॅन्टीनवाल्यानं मिसळीतली शेव कमी केलीय, त्याचा परिणाम. मी हसलो. मी लगेच हसतो, हे तुला माहीत होतं, आणि तू त्याचा हत्यारासारखा वापर केलास. त्याच्या पुढच्या महिन्यात थंडीचं कारण सांगितलंस. त्याच्या पुढच्या महिन्यात कारणही सांगितलं नाहीस. माघात तुझ्या पुतण्याचा फोन आला.

दशक्रियेला मी विट्यावरून तुझ्या गावी गेलो. शालनवहिनींना मी पहिल्यांदाच बघत होतो. चहा घेऊन त्या समोर बसल्या तेव्हा मी त्यांना सांगायला लागलो की मला यातलं काहीच माहीत नव्हतं, असतं तर मी आलो असतो.

"आवं भावजी, तुमाला तर माज्या बी आदी सांगितलं हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला म्हनलं, मास्तरला कळवलंय. त्यो म्हनला, लांब हाय, कमी कर."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, हे सांगताना त्याचा चेहरा कसा होता?

"हसत हुतं की. लय हसलं त्या दिवशी. खोकला येस्तवर. मी म्हनलं, आसलं सांगताना हसतं व्हय मानूस."

म्हणजे तू हसतोस. म्हणजे फ्लेक्सवाल्यानं जे ओढूनताणून आणलं ते मी एका सकाळी फुकट करून दाखवलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. हवालदार, तू मला तुझ्या त्या इंग्रज मालिकेतला साहेब केलंस. सगळ्या खोलीला कळलेलं, त्या एकट्याला नाही. वहिनींना माहीत, पुतण्याला माहीत, त्या डॉक्टरला माहीत. मी मात्र हातात लाल पेन घेऊन तुझ्या मरणाची अक्षरं मोजत बसलेलो. विनोद म्हणून बघितलं तर फार वरच्या दर्जाचा आहे, हे मी मान्य करतो. पण तो तू माझ्यावर करायला नको होतास.

तुला काय वाटलं, मी काय केलं असतं? गळ्यात पडलो असतो? हो, पडलो असतो. साताऱ्याला येऊन तुझ्या दवाखान्याच्या खाटेशेजारी बसून ढसाढसा रडलो असतो, नर्सनं बाहेर काढलं असतं आणि मी परत आलो असतो. तुझ्या त्या नकोशा दोन मिनिटांचे मी दोन महिने केले असते. तुला ते सोसलं नसतं, मला माहीत आहे. पण सोसायचं होतंस. सगळं तुझ्याच पसंतीनं व्हायला मालिका काय तुझ्या एकट्याची होती?

आणि स्वतः आधार द्यायला तुला बरं जमायचं. माझी आई गेली तेव्हा तू रविवार नसताना, मंगळवारी, मला कराडला बोलावलंस. दोन मिसळी सांगितल्यास आणि तासभर एक शब्द बोलला नाहीस. निघताना म्हणालास, रस्सा तिखट होता. घरी येऊन बघतो तर माझे राहिलेले तीन भाग तू माझ्या नावानं करून कंपनीकडं पाठवलेले. त्यातल्या मिठ्यासुद्धा तू नीट लावल्या होत्यास, एक ओळ इकडची तिकडं नव्हती. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू टेबलावरून उठला असतास. आता बोलतो. त्या आठवड्यात मला माणसात ठेवलं ते तू. तेवढंच, बरोबर तेवढंच, मला तुझ्यासाठी करायचं होतं.

गेल्या आठवड्यात कंपनीनं तुझी अर्धी राहिलेली फाईल माझ्याकडं पाठवली. उघडून बघतो तर अर्धी कुठली, सगळी झालेली. सहावा भाग, तो साहेब बाकावर डबा उघडून बसलाय. कचेरीतली एक बाई जाता जाता थांबते आणि विचारते, सगळं ठीक ना? तो इंग्रजीत एका शब्दात उत्तर देतो. तेवढा एक शब्द तू रिकामा सोडलेला. आधीच्या चारशे ओळी लावणाऱ्याला एक शब्द अडला, यावर माझा विश्वास नाही. तू तो माझ्यासाठी ठेवलास. मला कळेल याची वाट बघत ठेवलास आणि माझ्याकडं एकदाही पाठवला नाहीस.

मी लिहिलं, ‘बरं हाय.’ कंपनीतल्या तपासणारीनं लाल शेरा मारून परत पाठवलं: बोलीभाषा टाळावी, ‘मी ठीक आहे’ असं करावं. सात वर्षांत मी त्यांचा एकही शेरा मोडला नव्हता. या वेळी मी कळवलं की मूळ असंच आहे. दोन दिवस इकडून तिकडं झालं आणि शेवटी त्यांनी ते राहू दिलं. तेव्हा तुला आता कुणी हलवणार नाही. बाकावर बस आणि डबा खा.

पण माझं उत्तर राहिलंच होतं. परवा रविवारी, महिन्यातल्या दुसऱ्या, सकाळी अंघोळ करून मी सवयीनं पिशवी घेतली आणि मग आठवलं की कराडला कुणी येणार नाही. तसाच पायरीवर बसलो. फोनमध्ये ते वाक्य काढलं. त्याखाली माझी काटछाट, त्याखाली ते तीन पिवळे चेहरे. ते आता पुसताही येत नाहीत, वेळ निघून गेलीय. मग मी खाली लिहिलं: ‘हवालदार, वाक्य लांब नाही. एकही अक्षर कमी करू नकोस. मी निघालोय.’

पाठवलं आणि फोन बाजूला ठेवून तिथंच रडलो. आमची ही आतून आली आणि शेजारी बसली. तुला आवाज बंद करावासा वाटला असता.

दहा-पंधरा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव. मी उचलला. वहिनी होत्या. साताऱ्याच्या घरी परतल्यात त्या, तुझा फोन त्यांनीच चार्ज करून जवळ ठेवलाय. मला वाटलं, आता या विचारतील की गेलेल्या माणसाला असलं काय लिहिता. त्यांनी तसं काही विचारलं नाही.

"भावजी, कुठवर आलाय?" त्या म्हणाल्या. "भाकरी टाकायला."

मी म्हणालो, स्टँडवर आहे. खोटं बोललो. चपला घातल्या आणि पळत सुटलो.

माझा राग गेलेला नाही, हवालदार, आणि एवढ्यात जायचाही नाही. कराडला साताऱ्याची गाडी दहा मिनिटं थांबली. खिडकीतून आपलं टेबल दिसत होतं, पंखा चालू होता. कंडक्टरनं मला ओळखलं आणि म्हणाला, मास्तर, कराड आलं. मी उतरलो नाही.